मृत्यू कसा आला, हे विचारण्याचं न्यायालय

इंग्लंड किंवा वेल्समध्ये घरातलं माणूस अचानक गेलं, अपघातात गेलं, तुरुंगात गेलं किंवा डॉक्टरांना मृत्यूचं कारण सांगता आलं नाही, की एक-दोन दिवसांत घरी फोन येतो. बोलणारी व्यक्ती कोरोनरच्या, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याच्या, कार्यालयातली असते. ती सांगते की पार्थिव सध्या कोरोनरच्या ताब्यात आहे, शवविच्छेदन करावं लागेल, आणि त्यातूनही उलगडा झाला नाही तर इन्क्वेस्ट होईल. म्हणजे उघड्या न्यायालयात त्या मृत्यूची चौकशी. घरच्यांना अजून रडायलाही सवड मिळालेली नसते, त्यात हा नवा शब्द कानावर पडतो आणि पोटात गोळा येतो. आपल्यावर संशय आहे का? पोलीस येणार का? अंत्यसंस्कार कधी करता येतील? लेस्टर, लंडन, स्लाव या भागांत आता मराठी कुटुंबं बरीच आहेत, एकटी शिकायला गेलेली मुलं त्याहून जास्त. ही व्यवस्था कशी चालते हे पुण्या-नाशकातल्या आईवडिलांनाही ठाऊक असायला हवं. आपल्याकडे अशा मृत्यूंचं काय होतं, याचा विचारही तिच्याकडे पाहून करता येतो.

कोरोनरला कायद्यानं चारच प्रश्न दिले आहेत. गेलेली व्यक्ती कोण, मृत्यू कुठे झाला, केव्हा झाला आणि कसा झाला. २००९च्या कोरोनर्स अँड जस्टिस कायद्याचा कोरोनरविषयीचा मुख्य भाग २०१३ साली अमलात आला. निष्कर्षात कुणाचं नाव घेऊन त्याच्यावर गुन्ह्याचा ठपका ठेवता येणार नाही आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही ठरवता येणार नाही, असं या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. इथे आरोपी नसतो, फिर्यादी नसतो, शिक्षा नसते. हे कळल्यावर अनेक कुटुंबं खट्टू होतात. मग या खटाटोपाचा उपयोग काय, असं त्यांना वाटतं. माझ्या मते या संस्थेचं खरं मोल याच मर्यादेत आहे. फौजदारी खटल्यात मृताचं कुटुंब फार तर साक्षीदार असतं, प्रश्न सरकारी वकील विचारतात. इन्क्वेस्टमध्ये आई, बाप, नवरा, बायको, मुलगी, भाऊ यांना कायदा पक्षकार मानतो. डॉक्टरांना, जेलरला, पोलीस अधिकाऱ्याला ते स्वतः प्रश्न विचारू शकतात. ‘माझ्या मुलानं बेल वाजवली तेव्हा तुम्ही कुठे होता?’ हा प्रश्न शपथेवर उभ्या असलेल्या माणसाला विचारता येणं, ही दुसऱ्या कुठल्याही कचेरीत न मिळणारी गोष्ट आहे.

हा हक्क तसा नवाच. कोरोनरचं पद ११९४ सालापासून आहे, पण ते निर्माण झालं राजाच्या तिजोरीसाठी. कुणी मेलं की दंड, जप्त मालमत्ता यांतला राजाचा वाटा बुडू नये, म्हणून हा अधिकारी नेमला गेला. कुटुंबाच्या दुःखाशी त्याचं देणंघेणं नव्हतं. शतकानुशतकं ते काम बदलत गेलं आणि आज देशातल्या सुमारे एक तृतीयांश मृत्यूंची खबर कोरोनरकडे जाते. २०२३ साली ही संख्या १ लाख ९५ हजारांच्या आसपास होती, इन्क्वेस्ट उघडली गेली ती सुमारे ३७ हजार. बाकीच्या बहुतेक प्रकरणांत मृत्यू नैसर्गिक होता हे चौकशीत किंवा शवविच्छेदनात कळतं आणि विषय तिथेच संपतो. स्कॉटलंडमध्ये मात्र कोरोनर नाही. तिथे हे काम प्रोक्युरेटर फिस्कल हा सरकारी अभियोक्ता करतो.

पहिले आठ दिवस घरच्यांना सर्वांत जड जातात. शवविच्छेदनाला त्यांची संमती लागत नाही, निर्णय कोरोनरचा असतो. चिरफाड नको, लवकर अग्नी द्यायचा आहे, असं सांगणाऱ्या हिंदू कुटुंबाला हे ऐकणं अवघड जातं. तरी काही गोष्टी मागता येतात. शवविच्छेदन कधी आणि कुठे होणार हे आधी कळवलं जातं, कुटुंब आपल्या वतीनं डॉक्टर पाठवू शकतं. काही ठिकाणी शरीर न उघडता सीटी स्कॅनवरून कारण शोधता येतं, पण त्याचा खर्च पुष्कळदा कुटुंबावरच पडतो. तपासणीसाठी ऊतींचे नमुने ठेवून घेतले तर त्यांचं पुढे काय करायचं, हेही विचारलं जातं. धर्माप्रमाणे लवकर अंत्यविधी करण्याच्या मागणीबद्दल २०१८ साली उच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आला. इनर नॉर्थ लंडन विभागाच्या कोरोनरनं, धर्माच्या कारणावरून कुणाचंही प्रकरण आधी घेणार नाही, सगळी रांगेनंच येतील, असा नियम केला होता. एका ज्यू दफन संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि न्यायालयानं तो नियम बेकायदा ठरवला. कोरोनरनं प्रत्येक विनंतीचा विचार केला पाहिजे, डोळे मिटून नकार देता येणार नाही, हे त्यातून ठरलं. खटला ज्यूंचा होता, पण त्याचा आधार मुसलमानांना आणि हिंदूंनाही आहे.

शवविच्छेदन आटोपलं की पार्थिव बहुधा लगेच सोपवलं जातं, इन्क्वेस्ट संपेपर्यंत अंत्यसंस्कार थांबत नाहीत. भारतात न्यायचं असेल तर कोरोनरला तशी सूचना द्यावी लागते आणि त्याची लेखी परवानगी लागते. त्याशिवाय विमान कंपनी शवपेटी स्वीकारत नाही. मृत्यूचा कायमचा दाखला इन्क्वेस्टनंतरच निघतो, पण मधल्या काळासाठी कोरोनर तात्पुरता दाखला देतो. बँक, पेन्शन, विमा यांची कामं त्यावर सुरू करता येतात. हा कागद मागून घ्यावा, तो मिळतो हेच अनेकांना माहीत नसतं. उलट दिशेनंही हा कायदा चालतो. सौदी अरेबियात १९७९ साली मरण पावलेल्या हेलन स्मिथ या ब्रिटिश परिचारिकेच्या वडिलांनी वर्षानुवर्षं लढा दिल्यावर १९८०च्या दशकात न्यायालयानं ठरवलं की मृत्यू परदेशात झाला तरी पार्थिव इंग्लंडमध्ये आलं असेल आणि मृत्यू अनैसर्गिक वाटत असेल, तर तिथल्या कोरोनरला चौकशी करावीच लागते. गोव्यात दगावलेल्या ब्रिटिश पर्यटकाचं पार्थिव मायदेशी पोचलं की तिथे इन्क्वेस्ट उघडते, ती यामुळे.

त्यानंतर थांबणं आलं. शक्यतो सहा महिन्यांत इन्क्वेस्ट संपवावी असा नियम आहे, पण २०२३ साली सरासरी काळ तीस आठवड्यांवर गेला होता आणि गुंतागुंतीची प्रकरणं दोन-तीन वर्षंही रेंगाळतात. कोरोनरची नेमणूक आणि पैसा दोन्ही स्थानिक कौन्सिलकडून येतं. त्यामुळे एका गावात कागद वेळेवर मिळतात, फोन उचलला जातो, आणि शेजारच्या भागात महिनोन्‌महिने उत्तर येत नाही. ब्रिटिश संसदेच्या न्यायविषयक समितीनं २०२१ साली देशभर एकच कोरोनर सेवा असावी अशी शिफारस केली. सरकारनं ती मानली नाही. माणूस कुठल्या पत्त्यावर मेला यावर त्याच्या कुटुंबाला मिळणारी वागणूक ठरावी, हे मला पटत नाही.

या काळात कुटुंबानं करण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कागद मागणं. शवविच्छेदनाचा अहवाल, रुग्णालयाच्या नोंदी, साक्षीदारांचे जबाब यांच्या प्रती मागितल्या की चौकशी संपेपर्यंत विनामूल्य द्याव्या लागतात. आपल्याला कोणते प्रश्न पडले आहेत, कोणाची साक्ष व्हावी असं वाटतं, हे आधी लेखी कळवता येतं. मोठ्या प्रकरणात प्राथमिक सुनावणी होते, तिथेच पुढच्या चौकशीची व्याप्ती ठरते. ती चुकवली तर नंतर पश्चात्ताप करावा लागतो.

प्रत्यक्ष सुनावणी उघड्या न्यायालयात होते. पत्रकार बसलेले असतात, मृताच्या आजारपणाचे आणि शेवटच्या तासांचे तपशील वाचून दाखवले जातात. अनेक कोरोनर सुरुवातीला कुटुंबाला मृताविषयी बोलू देतात, कुणी फोटो घेऊन येतं. प्रत्येक साक्ष झाली की कुटुंब प्रश्न विचारतं. भाषण करता येत नाही, आणि स्वतःवर गुन्हा ओढवेल अशा प्रश्नाचं उत्तर नाकारण्याची मुभा साक्षीदाराला असते. तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत हिंसेनं किंवा अनैसर्गिकपणे मृत्यू आला असेल, किंवा कारणच कळत नसेल, तर सात ते अकरा जणांची ज्यूरी बसते. राज्यसंस्थेकडून जिवाच्या रक्षणात कसूर झाली असण्याची शक्यता दिसली तर, मानवी हक्कांच्या युरोपीय करारामुळे, ‘कसा’ या प्रश्नाचा अर्थ रुंदावतो आणि कोणत्या परिस्थितीत मृत्यू आला हेही पाहावं लागतं. निष्कर्ष कधी मोजक्या शब्दांचा असतो: अपघात, नैसर्गिक, आत्महत्या, बेकायदा मारलं जाणं. कधी तो दोन-चार परिच्छेदांचं निवेदन असतो, आणि कुटुंबांना बहुधा हे निवेदनच हवं असतं. २०२० साली मॉन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की आत्महत्येचा निष्कर्ष काढायला फौजदारी खटल्याइतक्या ठाम पुराव्याची गरज नाही, शक्यतेचं पारडं झुकलं तरी पुरे. काही घरांना त्यामुळे सत्य नोंदलं गेल्याचं समाधान मिळतं, काहींना तो शब्द कागदावर पाहणं सोसत नाही.

ही व्यवस्था किती घसरू शकते आणि कुटुंबांनी ती कशी सावरली, हे हिल्सबरोच्या इतिहासात दिसतं. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफ ए कपचा उपांत्य सामना होता. प्रेक्षकांच्या कोंडवाड्यांत गर्दी लोटली आणि माणसं चिरडली. मृतांचा आकडा आज ९७ मानला जातो, शेवटचे गृहस्थ त्या दिवसाच्या जखमांमुळेच २०२१ साली गेले. पोलिसांनी पहिल्या दिवसापासून दोष प्रेक्षकांच्या दारूवर आणि बेशिस्तीवर टाकला. पहिल्या इन्क्वेस्टच्या कोरोनरनं सगळ्या मृतांच्या रक्तातलं मद्याचं प्रमाण तपासायला लावलं, त्यांत लहान मुलंही होती. दुपारी सव्वातीनपर्यंत सगळ्यांना जीवघेणी इजा झालीच होती, म्हणून त्यानंतर काय घडलं याचा पुरावा घेणार नाही, असंही त्यानं ठरवलं. रुग्णवाहिका मैदानाबाहेर का उभ्या होत्या, मदत का पोचली नाही, हे सगळे प्रश्न एका फटक्यात बाद झाले. पुष्कळ कुटुंबांनी वर्गणी काढून मिळून एकच वकील उभा केला होता. समोर पोलिसांच्या वतीनं वकिलांची फळी होती, तीही सरकारी पैशावर. मार्च १९९१ मध्ये निकाल लागला: अपघाती मृत्यू.

ॲन विल्यम्स यांचा मुलगा केविन पंधरा वर्षांचा होता. सव्वातीननंतरही तो जिवंत होता असं सांगणारी माणसं त्यांनी शोधून काढली, वर्षानुवर्षं अर्ज केले आणि ते फेटाळले गेले. नव्या इन्क्वेस्टसाठी ॲटर्नी जनरलची संमती लागते आणि मग उच्च न्यायालयाचा आदेश. ते दार उघडायला दोन दशकं लागली. २०१२ साली स्वतंत्र समितीनं साडेचार लाखांवर पानं तपासून अहवाल दिला. पोलिसांचे १६४ जबाब बदललेले आढळले, त्यांपैकी ११६ जबाबांतून पोलिसांवरची टीका काढून टाकली होती. वेळेत मदत मिळती तर ४१ जण वाचण्याची शक्यता होती. त्याच वर्षी डिसेंबरात जुने निष्कर्ष रद्द झाले. ॲन विल्यम्स चार महिन्यांनी वारल्या, दुसरी इन्क्वेस्ट त्यांना पाहता आली नाही. ती २०१४ पासून दोन वर्षांहून जास्त चालली. सुरुवातीलाच प्रत्येक कुटुंबानं आपल्या माणसाचं शब्दचित्र वाचून दाखवलं. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्यूरीनं सांगितलं की ही माणसं बेकायदा मारली गेली आणि प्रेक्षकांचा काहीही दोष नव्हता. त्या दिवशीच्या बंदोबस्ताचे प्रमुख पुढे फौजदारी खटल्यात निर्दोष सुटले, हेही नोंदवलं पाहिजे. इन्क्वेस्टनं सत्य सांगितलं, शिक्षा तिच्या हातात नव्हतीच.

तेव्हाची विषमता आजही पुरती मिटलेली नाही. रुग्णालय, तुरुंग, पोलीस यांच्या वकिलांचा खर्च करदाता करतो. कुटुंबाला कायदेशीर मदतनिधी अपवाद म्हणूनच मिळतो. २०२२ मध्ये त्यासाठीची उत्पन्नाची अट काढली गेली, तरी बाकीच्या अटी राहिल्या. इन्क्वेस्टमध्ये वकिलाची गरज नाही, ही केवळ सत्यशोधनाची प्रक्रिया आहे, असं सरकार वर्षानुवर्षं म्हणत आलं. तसं असेल तर सरकारी खाती वकिलाशिवाय का येत नाहीत? १९८१ पासून काम करणारी ‘इन्क्वेस्ट’ नावाची संस्था कोठडीतल्या मृत्यूंच्या बाबतीत कुटुंबांना माहिती आणि आधार देते. अनेक न्यायालयांत कोरोनर्स कोर्ट्स सपोर्ट सर्व्हिसचे स्वयंसेवक शेजारी बसतात. ही मदत मोलाची आहे, पण ती वकिलाची जागा घेत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये हिल्सबरो कुटुंबांच्या मागणीवरून सरकारनं विधेयक मांडलं. सार्वजनिक संस्थांनी चौकशीत खरं आणि पूर्ण बोलण्याचं कायदेशीर बंधन, आणि अशा संस्था पक्षकार असतील तेव्हा कुटुंबाला वकिलाचा खर्च, या दोन गोष्टी त्यात आहेत.

चौकशी करूनही पुढचा माणूस वाचणार नसेल तर ती अपुरी राहते. कोरोनरला धोका कायम आहे असं दिसलं तर संबंधित संस्थेला ‘पुढचे मृत्यू टाळण्यासाठी’ अहवाल पाठवणं त्याचं कर्तव्य आहे, आणि संस्थेनं ५६ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. दोन उदाहरणं पाहा. एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी लंडनच्या गजबजलेल्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहायची. तीव्र दमा, तीन वर्षांत जवळजवळ तीसदा रुग्णालय, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये मृत्यू. पहिल्या इन्क्वेस्टमध्ये हवेचा उल्लेखही नव्हता. तिची आई रोझामंड हिनं तज्ज्ञ शोधले, प्रदूषणाच्या नोंदी जमवल्या आणि जुना निष्कर्ष रद्द करून घेतला. डिसेंबर २०२०मध्ये दुसऱ्या कोरोनरनं मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं. ब्रिटनमध्ये असं प्रथमच घडलं. रॉचडेलमध्ये बुरशीनं भरलेल्या भाड्याच्या घरात दोन वर्षांचा अवाब इशाक गेला. त्याचे वडील घरमालक संस्थेकडे २०१७ पासून तक्रार करत होते. नोव्हेंबर २०२२मध्ये कोरोनरनं दोष घरातल्या बुरशीवर स्पष्टपणे ठेवला, पुढच्या वर्षी कायद्यात बदल झाला, आणि ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहनिर्माण संस्थांना अशा धोक्यांवर ठरलेल्या मुदतीत कारवाई करणं भाग पडलं. पण प्रत्येक अहवालाचं असं होत नाही. कोरोनर सुचवू शकतो, सक्ती करू शकत नाही. उत्तर न देणाऱ्यांची नावं अलीकडे मुख्य कोरोनर जाहीर करतात, दंड मात्र नाही. त्याच त्या त्रुटींबद्दल वेगवेगळ्या गावांतून अहवाल येत राहतात, आणि ते एकत्र वाचून पाठपुरावा करणारी अधिकारवान यंत्रणा नाही. माझ्या दृष्टीनं ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे.

आणि कोरोनरपर्यंत खबरच गेली नाही तर? हॅरॉल्ड शिपमन हा हाइड गावचा डॉक्टर स्वतःच रुग्णांना मारायचा आणि स्वतःच नैसर्गिक मृत्यूचा दाखला लिहायचा. चौकशी आयोगानं २१५ बळी नोंदवले. त्यानंतर वीस-बावीस वर्षं चर्चा होऊन ९ सप्टेंबर २०२४ पासून, कोरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकानं तपासणं सक्तीचं झालं. तो परीक्षक कुटुंबाशीही बोलतो: तुम्हाला काही शंका आहे का?

मुंबईला कोरोनर अनोळखी नव्हता. १८७१च्या कायद्यानं कलकत्ता आणि मुंबई या शहरांसाठी हे पद होतं, मूळ कायद्यात ज्यूरीही होती. मुंबईतलं पद १९९९ साली बरखास्त झालं. उरलेल्या महाराष्ट्रात पहिल्यापासून पोलिसांचीच पद्धत आहे. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचांसमोर मरणोत्तर पंचनामा होतो, व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला जातो, आणि मग सी.ए. रिपोर्टची, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाची, वाट पाहणं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चालायचं, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. या पंचनाम्याचा हेतू मृत्यूचं सकृद्दर्शनी कारण शोधण्यापुरताच आहे, कोणी आणि कोणत्या परिस्थितीत मारलं हे तिथे पाहायचं नसतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७५ साली पेद्दा नारायण खटल्यात म्हटलं आहे. म्हणजे गुन्हा दिसला नाही तर फाइल बंद होते. बांधकामावरून पडलेला मजूर, गटारात गुदमरलेला सफाई कामगार, वसतिगृहात गेलेली विद्यार्थिनी, ऑपरेशननंतर दगावलेला तरुण यांच्या घरच्यांना पंचनाम्यावर सही करण्यापलीकडे तिथे जागा नाही. ते पोलीस ठाण्यात खेटे घालतात, शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत मागतात, कारण तिच्याशिवाय विमा मिळत नाही. असं का घडलं, हे विचारायला त्यांना कुठलीही खोली नाही.

एक फट मात्र आपल्या कायद्यात आहे. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानं करायची असते, आणि शक्य असेल तिथे मृताच्या आईवडील, मुलं, भावंडं, नवरा किंवा बायको यांना कळवून चौकशीला हजर राहू द्यायचं असतं. हे पूर्वी कलम १७६ मध्ये होतं, आता १९६ मध्ये आहे. हजर राहणाऱ्यांना जबाबांच्या प्रती आधी द्याव्यात, त्यांना साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यावेत, अहवाल त्यांच्या हातात ठेवावा, याबद्दल ते कलम काही बोलत नाही. दुरुस्ती करायची तर याच कलमापासून सुरुवात करता येईल, आणि मग कारखाना, रुग्णालय, वसतिगृह यांतल्या मृत्यूंनाही ते लागू करता येईल.